उचललेला काठ

२ मार्च

आले एकदाची. सकाळी गेटवर फोन काढून घेतला, पासपोर्ट काढून घेतला आणि बदल्यात गळ्यात अडकवायला एक कार्ड दिलं. त्या कार्डाने तीन दारं उघडतात: माझी खोली, जेवणघर आणि कामाचा हॉल. चौथ्या दाराला लावून पाहिलं तर ते दार केकाटायलाच लागलं आणि रखवालदार धावत आला. पहिल्याच दिवशी शोभा करून घेतली.

ही इमारत पूर्वी क्षयरोग्यांचं इस्पितळ होती म्हणे. टेकडीवर एकटीच उभी, खिडक्या मोठमोठ्या, पण उघडतात अर्ध्याच. आता इथे सगळ्या जगाचा मिळून एक डिजिटल नकाशा तयार होतोय. प्रत्येक देशाने आपला तुकडा आणायचा आणि शेजाऱ्याच्या तुकड्याला जोडायचा. उद्घाटनाच्या भाषणात याला मानवजातीचं सहकार्य वगैरे म्हणाले. मला विचाराल तर हे गोधडी शिवायचं काम आहे आणि त्यातली एकच शिवण माझ्या वाट्याची आहे: आमची पूर्वेची सीमा, जिथून नदी आमच्या देशात येते.

त्या पट्ट्यातल्या जमिनीच्या उंच्या मीच तयार केल्या, म्हणून खात्याने मला पाठवलं. सहा आठवडे पुरे, असं आमचे साहेब म्हणाले. लेकीचे दिवस मेअखेर भरतात, म्हणजे वेळ हाताशी भरपूर आहे. हे गेल्यापासून तिला मी आणि मला ती. जावई आहे, गुणी आहे, पण पाणी उकळलं की नाही हेसुद्धा दोनदा विचारतो. बाळाला पहिल्यांदा हातात मीच घेणार, असा तिला शब्द दिलाय.

४ मार्च

शेजारच्या देशाचा प्रतिनिधी भेटला. साठी उलटलेला, पांढऱ्या भुवया, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली. नदीच्या पलीकडचा म्हणून मी त्याचं नाव पैलतीर ठेवलंय. माणूस अदबीचा आहे. माझ्यासाठी खुर्ची ओढून दिली आणि मग स्वतः तिच्यावरच बसला, विसरून.

नियम वाचून दाखवले. शिवणीवर दोघांची सही झाल्याशिवाय दोघांपैकी कोणीही जायचं नाही, बदली माणूसही चालणार नाही. पूर्वी कोणीतरी अर्ध्यातून निघून गेला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं, त्याची शिक्षा आम्हाला. हॉलमध्ये बोललेला शब्दन् शब्द रेकॉर्ड होतो आणि दोन्ही सरकारांकडे जातो. हॉलबाहेर एकमेकांच्या आकड्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि हॉलमध्ये कोणी ‘तुमचा आकडा चुकलाय’ असं म्हटलं, की तो आक्षेप होतो, मग चौकशी लागते. थोडक्यात, चूक हा शब्द सोडून सगळं बोलायचं. नवी सून सासरी पहिल्या वर्षी बोलते तसं. मला अनुभव आहे.

९ मार्च

रस्ते जुळले. गावं जुळली. विजेचे खांबसुद्धा शहाण्यासारखे ओळीत उभे राहिले. घोडं अडलं ते नदीपाशी.

नदी त्याच्याकडून आमच्याकडे उतरत येते. पण पडद्यावर ती सीमेपाशी आली की एकदम एक मीटर चाळीस सेंटिमीटर वर चढते, आणि मग पुन्हा गुमान उतरायला लागते. पाणी चढतंय. बाकीच्या टेबलांवरचे लोक मुद्दाम उठून बघायला आले. एकाने विचारलं, तुमच्याकडच्या नदीला लिफ्ट आहे का.

उंचीचा हिशोब तसा साधा असतो. प्रत्येक देश आपल्या समुद्रापासून उंची मोजतो, तो त्याचा शून्य. सगळ्यांचे समुद्र काही एका पातळीला नसतात, म्हणून या नकाशासाठी एक सामाईक शून्य ठरवलाय आणि प्रत्येकाने आपले आकडे त्यावर आणायचे आहेत. आमचा शून्य सामाईकपेक्षा सत्तर सेंटिमीटर खाली आहे. म्हणून मी आमचा अख्खा पट्टा सत्तर सेंटिमीटर वर उचलला. एका दुपारचं काम. पैलतीराने त्याचे आकडे कुठून कुठे नेले ते त्यालाच माहीत. त्याची बाजू खाली राहिली आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. मी गोड आवाजात म्हटलं की आपण आपली बाजू पुन्हा एकदा पाहावी. त्याने पाहिली. दोन दिवस पाहिली. आणि म्हणाला, माझी बाजू आहे तशीच राहील.

१९ मार्च

आज हॉलमध्ये पैलतीराने विचारलं, “बाई, तुमचा शून्य सामाईकच्या वर आहे की खाली?”

मी म्हटलं, खाली, पहिल्या पानावर लिहिलंय. तो म्हणाला, हो, वाचलंय मी. आणि माझ्याकडे बघत बसला. बरं, पुढे काही बोलेल तर शपथ. ताकास तूर लागू देत नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तीस वर्षं या कामात घालवल्यावर मला शून्य विचारतोय.

२ एप्रिल

जेवणघरात रोजचं सूप, रोजचे उकडलेले बटाटे. पैलतीर समोर येऊन बसला. जरा वेळ बटाट्याची सालं काढली आणि म्हणाला, समजा मी खड्ड्यात उभा राहून या वरच्या दिव्याची उंची मोजली, तर ती जास्त भरेल की कमी.

मी म्हटलं, “या वयात खड्ड्यात कशाला उतरता?”

टेबलावरचे सगळे हसले. तोही हसला, जरा उशिरा, आणि त्याचे कान लाल झाले. खूप दिवसांनी मला बरं वाटलं.

११ एप्रिल

शनिवारी दहा मिनिटं फोन मिळतो, तोही एका काचेच्या खोलीत, बाहेर बाकीचे ताटकळत असताना. लेकीचे पाय सुजलेत. त्यांनी घर बदललं. नदीकाठी नवी वसाहत झाली आहे तिथे तळमजल्यावर जागा घेतली, दवाखाना जवळ पडतो आणि जिने चढायला नकोत म्हणून. नदी जवळ आहे आई, काही भीती नाही ना, असं तिने विचारलं.

मी हॉलमध्ये जाऊन माझ्याच नकाशावर त्यांची गल्ली शोधली. आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुराच्या रेषेपेक्षा गल्ली चांगली मीटरभर उंच आहे. लेकीचं घर मी स्वतः बसवलेल्या आकड्यांवर उभं आहे, याचा उगाच अभिमान वाटला. तिला निरोप पाठवला, निर्धास्त राहा.

१६ एप्रिल

सहा आठवडे संपले. मुदतवाढीचं पत्र आलं. साहेबांना फोन लावून दिला तर ते म्हणाले, एक सेंटिमीटर खाली यायचं नाही, देशाची मान खाली जाते. साहेबांचं काय जातंय, ते आपल्या घरी जेवतायत.

२४ एप्रिल

आज काही नाही. पैलतीर पेन्सिलींना टोक काढत होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसले. नदी चढतेय.

३ मे

व्हरांड्यात उभी होते. खिडकी वीतभर उघडते, तेवढ्यात नाक घालून हवा घ्यावी लागते. पैलतीर शेजारच्या फटीपाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, दुसऱ्या एका शिवणीवर मी एकदा आक्षेप घेतला होता. समोरच्या माणसाने बेरीज-वजाबाकीत गल्लत केली होती, बाकी काही नाही. त्याची नोकरी गेली. दोन मुलं होती त्याला.

“म्हणून आता मी आक्षेप घेत नाही,” तो म्हणाला. “वाट बघतो.”

मी समजायचं ते समजले. धमकी द्यायची ही सभ्य पद्धत. मी म्हटलं, बघा वाट, मला घाई नाही. घाई नाही म्हणे. खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

१२ मे

केंद्राच्या संचालकबाईंकडे आठ दिवसांची रजा मागितली. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, माझ्या लेकीची चौकशी केली, स्वतःच्या बाळंतपणाची हकिगत सांगितली आणि रजा नाकारली. इतकी गोड नकारघंटा मी जन्मात ऐकली नव्हती. नियम मोडला तर बावीस शिवणी उसवतील, म्हणाल्या.

मग मी चालत गेटपर्यंत गेले. उगाच. गेट बंद नव्हतं, नुसता दांडा आडवा होता, वाकून गेलं तरी पलीकडे. रखवालदार म्हणाला, बाई, जाऊ शकता तुम्ही, पण पासपोर्ट आत आहे. मी परत आले. साखळदंड असता तर निदान ओढून तरी पाहिला असता.

मला कोंडल्यासारखं होतंय. जेवताना, झोपताना, आंघोळीला गेल्यावरही. लेक तिकडे दिवस मोजतेय आणि मी इथे एका हट्टी म्हाताऱ्याच्या नदीपायी अडकलेय. त्याचा मला इतका राग येतो की त्याच्या पेन्सिलींचासुद्धा राग येतो.

२० मे

संचालकबाईंनी तोडगा काढला. ही नकाशा करणाऱ्यांची जुनी खोड आहे, पण वापरायची वेळ आली की सगळे तिला तोडगाच म्हणतात. दोन तुकड्यांच्या मध्ये उंचवटा राहिला तर तो दूरवर थोडा थोडा पसरवून टाकायचा. बोटभर इथे, बोटभर तिथे. चाळीस किलोमीटरमध्ये एक मीटर चाळीस कुठे विरघळून जातं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. नदी पुन्हा शहाण्यासारखी उतरायला लागते आणि बघणाऱ्याला शिवण दिसत नाही.

त्यांचं म्हणणं, अर्धा-अर्धा भार दोघांनी घ्यावा. मी साफ नाही म्हटलं. उचलायचं तर त्याने त्याची बाजू उचलावी, माझी जागची हलणार नाही. पैलतीर म्हणाला, विचार करायला जरा वेळ द्या.

२२ मे

शनिवार नसतानाही संचालकबाईंनी आज फोन जोडून दिला. डॉक्टरांनी लेकीला सांगितलंय, पुढच्या आठवड्यात कधीही. तिचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. म्हणाली, आई, तू नाही आलीस तरी चालेल. ‘चालेल’ म्हणताना तिला रडू फुटलं आणि दहा मिनिटं संपली.

जेवणघरात सगळ्यांसमोर डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते काही थांबेना. पैलतीर समोरच होता. त्याने आपला रुमाल घडी करून माझ्या ताटाशी ठेवला.

“पहिलं नातवंड?” त्याने विचारलं.

मी मान हलवली. त्याने आपलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, “मला वाटलं होतं, तुम्हाला सापडेल.” काय सापडेल, ते मी विचारलं नाही. रडण्यातून फुरसत कुठे होती.

२३ मे

सही झाली.

हॉलमध्ये पैलतीर उभा राहिला आणि रेकॉर्डवर म्हणाला, मी माझी बाजू उचलायला तयार आहे, पूर्ण चाळीस किलोमीटर. फक्त एक विनंती आहे. बाईंनी घरी गेल्यावर, सगळं नीट पार पडल्यावर, आपली बाजू एकदा शांतपणे पाहावी. सही करताना त्याचा हात इतका सावकाश चालला होता की मला वाटलं, आता कागद फाडतो की काय.

हरला, पण तोंड वर ठेवून हरला. तरीही खोटं कशाला बोला, जाताना मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. रुमाल धुऊन परत दिला. पासपोर्ट हातात आला तेव्हा त्याचा वास घेतला मी, वेड्यासारखा.

२९ मे

मुलगी झाली. पहिल्यांदा मीच घेतली. हे सगळं लिहायला मला शब्द नाहीत आणि वेळ तर मुळीच नाही.

१७ जून

दुपटी, दूध, दुपटी. जावई पाणी उकळायला शिकला.

पैलतीरांचं पत्र आलं कार्यालयाकडून, दोन ओळींचं. नातीला आशीर्वाद, आणि पाऊसकाळापूर्वी ते शांतपणे पाहण्याचं जमलं तर बरं. अजून तेच. म्हाताऱ्याला हार काही पचत नाही. तरी उत्तर लिहीन म्हणते, बाळ झोपलं की.

८ जुलै

नकाशा सगळ्या जगासाठी खुला झाला. साहेबांनी खात्यात पेढे वाटले आणि माझा फोटो भिंतीवर लावला. आता त्याच नकाशावर पुराचा इशारा चालतो. नदीला किती पाणी आहे ते वरच्या देशातून दर तासाला येतं, जमीन किती उंच आहे ते आमच्या आकड्यांवरून घेतात, आणि पाणी जवळ यायला लागलं की फोनवर आधी पिवळं मग लाल दिसतं. आमच्या गल्लीला हिरवं दाखवतंय. जावई ते चारचौघांना दाखवत असतो, हे आमच्या सासूबाईंनी केलंय म्हणून. मी नको नको म्हणते आणि ऐकते.

२५ जुलै

चार दिवस वर पाऊस कोसळतोय. बाळ किरकिरं झालंय. आज जावयाला हुक्की आली की बाळाची लांबी मोजू. मोजली तर एकदम तीन बोटं वाढलेली. जावई खूश. मी बघितलं तर टेप टाचेपाशी न धरता त्याने तीन बोटं खालून धरला होता. म्हटलं, अरे, खालून धरलास तर जास्तच भरणार, तेवढं वजा कर. लेक इतकी हसली की बाळ दचकलं.

२६ जुलै, दुपार

सकाळी गल्लीतली दोन घरं सामान घेऊन वरच्या वस्तीत गेली. जावयानेही पिशवी भरली, बाळाचे कपडे, औषधं, आणि दारात चपला घालून उभा राहिला. मी त्याला आत घेतला. म्हटलं, ओल्या बाळंतिणीला पावसात कुठे नेतोस, फोन बघ, हिरवं आहे. या जमिनीची उंची मी बसवलीय, मला विचार. तो म्हणाला, तुम्ही म्हणताय तर प्रश्नच नाही. ते ऐकून शेजारचेही थांबले. पलीकडच्या घरातले म्हातारा-म्हातारी निघाले होते, तेही परत फिरले.

आता सगळे झोपलेत, काल बाळाने कोणाला डोळा लागू दिला नव्हता. मी खिडकीशी बसलेय. कोपऱ्यावरच्या गटारातून पाणी उलटं वर येतंय आणि गल्लीत पसरतंय. गटार तुंबलं असेल, असं म्हणून मी बराच वेळ त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पण पाणी गढूळ आहे. नदीचं आहे.

फोनवर पाहिलं. नदीची पातळी आणि आमची गल्ली, दोन्हीचे आकडे. त्याप्रमाणे पाणी गल्लीच्या एक मीटर चाळीस खाली आहे. आणि ते तर दारासमोर आहे.

एक मीटर चाळीस. हा आकडा मी अडीच महिने रोज पाहिलाय.

वाटलं, पैलतीरांनी बाजू उचलली त्यात काही गडबड झाली. पण ती त्यांची बाजू, तिचा आमच्या गल्लीशी काय संबंध. पाण्याची पातळी तर नदीत रोवलेल्या मोजपट्टीवरून येते, तिला कोणी हात लावला नाही. मग उरली ती जमीन. माझी.

आमचा शून्य खाली. खालून मोजलं की आकडा जास्त भरतो. काल मीच सांगितलं, न थांबता, न विचार करता. तेवढं वजा कर. आणि मी आमचा अख्खा पट्टा सत्तर सेंटिमीटर वर उचलून ठेवला. सत्तर जास्तच होते, त्यात आणखी सत्तर घातले.

त्यांनी हॉलमध्ये विचारलं, जेवताना विचारलं. तोंडाने सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, म्हणून थांबले. आणि मग मी रडले, म्हणून सही केली.

फक्त ही गल्ली नाही. सीमेपासून खाली पुलापर्यंत काठावर जितकी घरं आहेत, सगळ्यांच्या फोनवर आत्ता हिरवं आहे. खात्याला फोन लावला, कोणी उचलत नाही. पुन्हा लावते. आधी लेकीला उठवते, बाळाला दुपट्यात गुंडाळते, मग जावयाला म्हणते की दारं वाजवत सूट. वर जायला एकच रस्ता आहे आणि तो कोपऱ्यावरच्या गटाराशेजारून जातो. तिथे आता सायकलवाला उतरून चालतोय, पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आहे.

सकाळी जावई चपला घालून दारात उभा होता तेव्हा तो रस्ता कोरडा होता.